एका रुमालावर दोन माणसं

कुणी विचारलं, तू काम काय करतेस, तर मी हल्ली "कम्प्युटरचं" एवढंच सांगते. खरं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा बघवत नाही. खरं उत्तर असं, की एका मोठ्या कम्प्युटरच्या पोटात आम्ही खोटे कम्प्युटर चालवतो. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण खोटे आहोत हे त्यांना कळू द्यायचं नाही, एवढीच आमची कामगिरी. त्यासाठी त्यांना खोटी डिस्क द्यायची, खोटं नेटवर्क द्यायचं आणि खोटं घड्याळ द्यायचं. माझ्याकडे घड्याळ आहे. सहा वर्षं त्या घड्याळावर माझं पोट चाललंय, आणि तरी गेल्या दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात ते उचलून विहिरीत टाकावं असं मला रोज वाटत होतं.

हे काम मी गावातून करते. अंबाजोगाईहून धर्मापुरीकडे जाताना मध्ये लागतं ते आमचं गाव. घरात मी आणि अण्णा, माझे वडील, दोघंच. आई जाऊन पाच वर्षं झाली. अण्णा वीज मंडळात लाइनमन होते. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. मी पुण्याहून आले ती तेव्हाच. मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना गाडीत घालून अंबाजोगाईला व्यायामाला नेते. मधल्या दिवसांत तेच व्यायाम मी घरी करून घेते, आणि ते मला शिव्या घालतात.

त्यांना पुण्याला नेऊन पाहिलं नाही असं नाही. नेलं होतं महिनाभर. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. अण्णा दिवसभर खिडकीशी बसून बाहेर विजेच्या तारा शोधायचे, आणि तिथं तारा सगळ्या जमिनीखालून. महिन्याच्या शेवटी ते जेवेनासे झाले, बोलेनासे झाले. मी मुकाट्याने सामान भरलं आणि आम्ही परत आलो. डॉक्टर म्हणाले, आता जिथं आहेत तिथंच राहू द्या.

इकडे कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं होतं. मला वडिलांच्या कारणाने सूट मिळालेली, पण तिची मुदत संपत आली होती, आणि ती वाढवायची की नाही हे पुढच्या सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. म्हणजे माझं चित्त एरवीच थाऱ्यावर नव्हतं. त्यात हा बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक.

बग सांगते, कारण त्याशिवाय माझा संताप कळायचा नाही. खोटा कम्प्युटर आपल्या घड्याळाला सांगतो, मला अमुक वेळाने उठव. आमचा प्रोग्रॅम खऱ्या कम्प्युटरवर तेवढ्या वेळाचा गजर लावतो. गजर वाजला की आम्ही खोट्याला हलवतो, ऊठ बाबा, झाली वेळ. एवढंच काम. पण कधीतरी, लाखात एकदा म्हणा, गजर वाजायचा आणि खोट्यापर्यंत पोचायचाच नाही. मग तो बसून राहायचा. बंद पडायचा नाही, चूक दाखवायचा नाही, नुसता वाट बघत बसायचा, न येणाऱ्या एसटीची बघावी तशी.

ग्राहकांच्या तक्रारी होत्या, पण तुरळक. महिन्याकाठी कुणाचं तरी एखादं मशीन गप्प व्हायचं, ते रीस्टार्ट मारायचे आणि विसरायचे. पुण्याच्या ऑफिसातल्या मशीनवर तर हे कधीच झालं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर मात्र दिवसातून दोनतीनदा ठरलेलं. शेतीच्या मोटारींची लाइट आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं, माझा इन्व्हर्टर टकटक करत आत-बाहेर करतो, लॅपटॉप बॅटरीवर जाऊन मंदावतो, आणि नेमका तेव्हा तो खोटा कम्प्युटर मान टाकतो.

माझ्या मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं. सोमवारी सकाळी फोनवर म्हणाला, "हे बघ, जे फक्त तुझ्याकडेच होतं ते तुझ्याकडच्या लाइटमुळे होतं. तक्रारीपुढे एन्व्हायर्नमेंट असं लिहितो आणि ती बंद करतो."

"लाइटमुळे लॅपटॉप हळू होतो. हळू झाला म्हणून गजर हरवतो का?" मी म्हटलं. "आपलं घड्याळ हळू मशीनवर चुकत असेल तर ते चुकीचंच आहे. तुमच्याकडे ते फक्त दिसत नाही."

"मग दाखव. माझ्या मशीनवर दाखव. सोमवारपर्यंत नाही दाखवता आलं, तर बंद करतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुण्यात बसून हेच बोलले असते तर त्याने उठून माझ्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं असतं. गावातून बोलले की सगळं लाइटवर. दोन वर्षं मी प्रत्येक मीटिंगची सुरुवात "सॉरी, आमच्याकडे लाइट" अशी केली होती, त्याची ही फळं होती.

मंगळवारी अंबाजोगाईहून परत आल्यावर मी त्या घड्याळाच्या कोडमध्ये जागोजाग खुणा पेरल्या, म्हणजे प्रोग्रॅमने प्रत्येक पावलाला "आता हे केलं, आता ते केलं" असं लिहून ठेवायचं. लिहायला लागल्याबरोबर बग गायब. दुपारभर मोटारी चालू-बंद झाल्या, इन्व्हर्टरने टकटक केली, खोटा कम्प्युटर आपला शहाण्यासारखा चालतोय. खुणा काढल्या, वीस मिनिटांत मान टाकली. पुन्हा घातल्या, पुन्हा शहाणा. साधं आहे, लिहिण्यात जो बारीकसा वेळ जायचा, तेवढ्याने दोन पावलांची टक्कर चुकत होती. शाळेत तपासणीला साहेब आले की पोरं जशी हाताची घडी घालून बसतात, तसं ते कोड माझ्यासमोर बसलं होतं. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्या खुणा तशाच राहू दे ना आत. प्रश्न मिटला." मी फोन ठेवला. अण्णांच्या जेवणाची वेळ झाली होती.

बुधवारी मी चिडून सगळ्याच पावलांना एक मोठं कुलूप घातलं, एका वेळी एकानेच आत जायचं. त्यावर दोन पावलं एकमेकांची वाट बघत दाराशीच अडली, आणि खोटा कम्प्युटर जो थांबला तो दर वेळी, हमखास, लाइट असो वा नसो. निदान आता सातत्य आलं होतं. अण्णांनी खाटेवरून विचारलं, "झालं का गं माय तुझं घड्याळ?" मी म्हटलं, "अण्णा, मला कुणी घड्याळाचं नाव काढलेलं चालायचं न्हाई." ते हसले, डाव्या बाजूने. मला हसू आलं नाही.

गुरुवारी साडेदहाला लाइट गेली ती आलीच नाही. साडेअकराला माझी मीटिंग होती. इन्व्हर्टर आदल्या दिवशीच दमलेला. मी चपला घातल्या आणि शेताच्या बांधाने डीपीकडे गेले. शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपी म्हणतात, आणि त्याचा फ्यूज गेला की मंडळाच्या माणसाची वाट कुणी बघत नाही. ज्याची मोटार अडली तो जातो, खांबावरचं हँडल खाली ओढतो, लाइन तोडतो आणि फ्यूजची तार बांधतो. हे सगळं बेकायदा आहे आणि सगळे करतात. त्यात एकच शिस्त पाळतात. हँडल खाली ओढणाऱ्याने आपल्या डोक्याचा रुमाल त्या हँडलला बांधायचा. रुमाल दिसला की दुसऱ्या कुणी हँडलला हात लावायचा नाही. काम झालं की ज्याचा रुमाल त्यानेच सोडायचा आणि त्यानेच हँडल वर करायचं.

माझे चुलतकाका, आमच्या बांधाला ज्यांचं रान लागून आहे ते, तिथं फ्यूज बांधत होते. हँडलला त्यांचा लाल रुमाल. मी शेजारी उभी राहून घड्याळ बघत होते. ते म्हणाले, "झालंच. पाच मिनटं. तुझ्या साहेबाला म्हणावं, काका हायेत." फ्यूज बसला, त्यांनी फ्यूजच्या पेटीचं दार लावलं, रुमालाची गाठ सोडली, तो झटकून डोक्याला गुंडाळला आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं.

माझं तोंड योगायोगाने ओढ्याकडे होतं. दोन खांब सोडून तिसऱ्या खांबावर एक माणूस होता. वरच्या वस्तीवरचा मेंढ्यावाला, त्याचीही याच डीपीवर मोटार आहे. एक पाय खांबाच्या लोखंडी आकड्यात अडकवून तो तार पिळत होता.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. काकांनी हँडल सोडलं आणि वळून बघितलं. मग त्यांनी जी तोंडाची तोफ सोडली ती इथं लिहिता येणार नाही.

"तू कावून चढलास बे वर? कुणाला इचारून?"

"रुमाल बघितला की!" तो वरूनच ओरडला. "मला वाटलं, आयतं बंदच हाय तर आपली पण तार बांधून घ्यावी. किती दिसाची ढिली झालीय."

"आरं पण रुमाल माझा हाय! मी सोडला की झालं का न्हाई चालू?"

"मंग मला काय ठावं तुमचं झालंय?"

मेंढ्यावाला उतरून आला, दोघं आणखी पाच मिनिटं भांडले, मग काकांनी तंबाखू काढली आणि दोघांनी ती मळून खाल्ली. लाइट आली. माणूस मेलाच असता आणि हे दोघं तंबाखू चघळत कापसाच्या वेचणीचं बोलत होते. घरी येऊन मी मीटिंगला बसले आणि सवयीने म्हणाले, "सॉरी, आमच्याकडे लाइट."

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. मला वाटलं, ते दोघांनाही शिव्या देतील. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि मला आडवं कर म्हणाले. मी विचारलं, काही दुखतंय का, तर न्हाई. मी त्यांना आडवं केलं. त्या दिवशी ते अर्धवट जेवले एवढंच मी लक्षात ठेवलं, डॉक्टरला सांगायला.

आता हे स्पष्ट सांगते. गावातल्या साध्यासुध्या माणसाने काहीतरी केलं आणि त्यावरून शहरातल्या शिकलेल्याला साक्षात्कार झाला, अशा गोष्टी मला आवडत नाहीत. मला साक्षात्कार झाला नाही. मला राग आला होता, आणि तो शुक्रवारी सकाळपर्यंत टिकला. अण्णांचा व्यायाम चालू असताना मी बाहेर बाकावर बसून मनातल्या मनात त्या मेंढ्यावाल्याशी भांडत होते. तुझा स्वतःचा रुमाल कुठं होता? डोक्यालाच होता ना? मग तो हँडलला बांधायला काय झालं होतं? दुसऱ्याच्या रुमालावर खांबावर चढतोस? हे तिसऱ्यांदा घोळवताना मी मध्येच थांबले, कारण माझ्या घड्याळात रुमाल एकच होता.

खोट्या कम्प्युटरने गजर लावायला सांगितला की मी एक निशाणी उभी करायचे, गजर लागलेला आहे. वाजला की ती निशाणी उतरवायची. निशाणी नसताना कुठलाही गजर वाजला तर तो जुना, वाया गेलेला समजून टाकून द्यायचा. आता समजा, पहिला गजर वाजायला सुरुवात झालीय, पण मशीन हळू असल्यामुळे त्याची निशाणी उतरायची आहे. तेवढ्यात खोटा कम्प्युटर म्हणतो, विचार बदलला, नवा गजर लाव. मी नवा गजर लावते, निशाणी उभीच असते. मग तो पहिला रेंगाळत येतो आणि आपलं काम झालं म्हणून निशाणी उतरवून चालता होतो. नवा गजर वेळेवर वाजतो, बघतो तर निशाणी नाही. त्याला मी टाकून देते. मीच टाकून देत होते, स्वतः लिहिलेल्या ओळीने, आणि चार दिवस तो हरवला म्हणून शोधत होते.

गाडीत लॅपटॉप होता. पार्किंगमध्ये, मांडीवर ठेवून, मी ते कोड उघडलं. प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली त्याचं नाव येतं. निशाणीच्या ओळीपुढे माझं नाव होतं, चार वर्षांपूर्वीचं. तेव्हा त्या ओळीचं मला केवढं कौतुक वाटलं होतं. अण्णांना आणायला मला दहा मिनिटं उशीर झाला.

दुरुस्ती लहान होती. प्रत्येक गजराला त्याचा स्वतःचा नंबर द्यायचा, आणि ज्याचा नंबर त्यानेच निशाणी उतरवायची. दुपारपर्यंत झाली. शनिवारी दिवसभर मोटारी चालल्या, मी इन्व्हर्टर मुद्दाम बंद-चालू केला, खोटा कम्प्युटर एकदाही अडला नाही. मग जुन्या कोडमध्ये, बरोबर त्या फटीत, मी बारीकसा थांबा घातला. आमची लाइट जे करायची तेच, पण हुकमी. ते मॅनेजरला पाठवलं आणि लिहिलं, तुझ्या मशीनवर चालव. चाळीस सेकंदांत त्याचं मशीन गप्प झालं. त्याचा एकच शब्द आला, "बाप रे."

सहा दिवसांत पहिल्यांदा मला चांगलं वाटलं. मी चहा केला, अण्णांना बसतं केलं आणि म्हटलं, "अण्णा, सापडलं. दाखवलं त्यांना."

अण्णांनी बशीतला चहा प्यायला वेळ घेतला. मग म्हणाले, "कुणाची चूक व्हती?"

"माझीच. चार वर्षामागं मीच लिवलं व्हतं."

"मंग लिवून दिलंस का तसं?"

मी दिलं नव्हतं. दुरुस्तीसोबत एक टिपण लिहावं लागतं, काय झालं आणि का. त्यात मी लिहिलं होतं, "टायमरमध्ये एक त्रुटी आढळून आली." कुणाची, कधीची, काही नाही. आढळून आली, जणू रस्त्यावर पडलेली.

"अण्णा, परवा माझी बैठक हाय," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. "ग्राहकांची मशीनं चार वर्षं माझ्यामुळं बंद पडत व्हती, आसं लिवून देऊ? मंग म्हणतील, घरी बसून हेच करते का? पुण्याला या म्हणतील. मंग तुमचं काय करू मी? तुमाला व्यायामाला कोण नेईल?"

त्यांनी बशी मांडीवर ठेवली. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो, मला वाटलं तेच चाललंय.

"तू तिसरीत व्हतीस," ते म्हणाले. "मी आन माझा हेल्पर, आमी दोघं लायनीवर गेलतो. मी सबस्टेशनला फोन करून लायन बंद ठेवायचं परमिट घेतलं. माझ्या एकल्याच्या नावावर. माझं काम झालं. मी फोन केला, चालू कर म्हणलो. हेल्पर पलीकडच्या खांबावर हाय, ह्ये माझ्या डोक्यातनंच गेलं." त्यांनी डाव्या हाताने उजवा हात कोपराशी धरला. "त्याचा हितनं गेला."

ती घटना मला माहीत होती. सगळ्या गावाला माहीत होती. सबस्टेशनच्या ऑपरेटरने न विचारता लाइन चालू केली, अशीच ती माहीत होती.

"ऑपरेटरनं रजिस्टरला लिवलं व्हतं, फोन आला म्हणून. मी म्हणलो, मी फोन केलाच न्हाई, ह्यानं मागनं लिवलं. लोकं माझ्या बाजूनं हुबे राह्यले. त्याला सस्पेंड केलं, मंग लई लांब बदली झाली. खरं बोललो असतो तर तिकडं मला पाठवलं असतं. तुझी माय एकली, तू बारकी. म्हणून न्हाई बोललो." चहाची बशी कलंडली होती, मी ती घेतली. "तू लिव. माझं बघू काय व्हईल ते."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, ज्या अंगणात अभ्यास केला, ते सगळं त्या एका खोट्यावर उभं होतं, आणि हे मला आत्ता सांगत होते, माझ्या बैठकीच्या दोन दिवस आधी. आणि वर मला खरं बोलायला सांगत होते, स्वतःला जमलं नाही ते. मी कप विसळायला घेतले.

रविवारी सकाळी मी टिपण बदललं. लिहिलं, "ही चूक मी हा भाग पहिल्यांदा लिहिला तेव्हापासून आहे. चार वर्षांतल्या मशीन गप्प होण्याच्या तक्रारी बहुधा यामुळेच." पाठवून दिलं. अण्णांना सांगितलं नाही. त्यांचा विजय झाल्यासारखं वाटू नये म्हणून.

तासाभरात मॅनेजरचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी तो कधी करत नाही.

"अगं, हे कशाला लिहिलंस?" तो म्हणाला. "चूक निघाली तर तुझ्याच ओळीत निघणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर एन्व्हायर्नमेंट म्हणून बंद करत होतो. तुझी मुदत वाढेपर्यंत तरी ते निघू नये म्हणून."

आठवडाभर मी ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो मला वाचवत होता, आणि मी हट्टाने स्वतःचीच चूक त्याच्या मशीनवर सिद्ध करून दाखवली होती. "मला सांगायचंस तरी," मी म्हटलं. तो म्हणाला, "असं सांगता येतं का?"

सोमवारी बैठक झाली. कुणी वाईट बोललं नाही. उलट टिपणाचं कौतुकच झालं. आणि कौतुक करून झाल्यावर त्यांनी ठरवलं की घड्याळाचा सगळा भाग नव्याने तपासायचा, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांनी समोर बसून तपासायचा. सूट बंद. दोन महिने पुणे, पुढचं मग बघू.

मी अण्णांना सांगितलं, तेव्हा ते "बरं" एवढंच म्हणाले. मावशी येऊन राहायला तयार झाली. काका म्हणाले, व्यायामाला मी नेईन. सगळं जमत होतं आणि मी दर दोन तासांनी कुणावर तरी खेकसत होते, मावशीवर, काकांवर, औषधाच्या दुकानदारावर. अण्णांवर सगळ्यात जास्त. त्यांनी एकदाही उलट शिवी दिली नाही, त्याने मी आणखी चिडले.

शुक्रवार हा जायच्या आधीचा शेवटचा. अंबाजोगाईला व्यायाम झाला, अण्णांना मी गाडीत बसवलं आणि गावाकडे वळायला लागले, तर ते म्हणाले, "हिकडं घे. उजवीकडं."

"औषधं घेतली अण्णा."

"घे म्हणतो ना."

मी घेतली. मग डावीकडे. मग एका शाळेच्या भिंतीशेजारून आत. ते एकदाही अडखळले नाहीत, वळणं सांगत गेले. शेवटी एका बैठ्या घरासमोर थांब म्हणाले. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत होती.

"कुणाचं घर हाय ह्ये?"

"ऑपरेटरचं. रिटायर व्हऊन हितं राह्यला. धा वर्सं झाली."

"तुमी कधी आलतात?"

"आत न्हाई कधी गेलो."

म्हणजे नोकरीत होते तोवर ड्यूटीवरून येताजाता ते या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जात होते. मी दार उघडून त्यांचे पाय बाहेर घेतले, काठी हातात दिली. उभं राहायला त्यांना फार वेळ लागला. मी काखेत हात घालणार, तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं.

"तू बस गाडीत. ह्यात तुझं काय काम न्हाई."

गाडीपासून ओटा दहा-बारा पावलांवर असेल. उजवा पाय ओढत ते निघाले. म्हातारीने सूप खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरून कोण आलं ते बघितलं, आणि घरात तोंड करून कुणाला तरी हाक मारली. अण्णा तिच्यापुढे जाऊन थांबले, काठी ओट्याला टेकवली आणि डाव्या हाताने डोक्यावरची टोपी काढली. मी गाडीची काच वर केली, म्हणजे मला काही ऐकू येणार नाही.